कर्जाच्या वहीत तुमचे नाव का नाही?

पत्र : माझे वय 63. सिन्नर तालुक्यातील आमचे गाव दिंडीच्या वाटेवर आहे. लग्न होऊन आले तेव्हा घरात दहा माणसे होती. विड्या वळून दिरांची शिक्षणे आणि नणंदांची लग्ने पार पाडली, सासूबाईंचे सहा वर्षांचे अंथरूण काढले. गावात कोणाचे बाळंतपण असो की मयत, पहिला निरोप मला येतो. दर ज्येष्ठात निवृत्तिनाथ महाराजांची पालखी जाते, तेव्हा आमच्या ओट्यावर वारकऱ्यांना पिठलं-भाकरी असते. बचत गटाची मी 19 वर्षे अध्यक्ष आहे. सून सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. यंदा ती म्हणाली, ‘आई, आचारी लावू, पैसे मी देते.’ मला फार लागले. माझ्यामागे हे कोण करणार? सुनेला सेवेची गोडी कशी लावू?

प्रिय ताई,

सुनेबद्दल तुम्ही चार पाने लिहिली आहेत आणि त्यांना मी आज उत्तर देणार नाही. मला बोलायचे आहे ते तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याबद्दल, जे वर छापलेल्या सारांशात मी मुद्दामच घेतलेले नाही. तुम्ही लिहिता, ‘उगाच सांगत नाही, पण 19 वर्षांत गटाच्या वहीत माझ्या नावावर एक रुपया कर्ज नाही.’ हे वाक्य तुम्ही अभिमानाने लिहिले आहे, आणि ते वाचून मला तुमचा राग आला, हे मी लपवत नाही.

मी अशा गटांच्या बैठकांना पुष्कळदा बसले आहे. सतरंजीवर बायका गोल बसतात, मधे पत्र्याची पेटी आणि वह्या असतात, आधी बचत जमा होते आणि मग कोणीतरी विचारते, ‘या महिन्यात कोणाला हवेत?’ ज्या बाईला हवे असतात ती लगेच बोलत नाही. ती सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहते, शेजारणीकडे बघते, आणि आकडा सांगताना तिचा आवाज इतका खाली जातो की सचिव बाईंना पुन्हा विचारावे लागते. कारण विचारले की ती ‘घरखर्च’ म्हणते. तो घरखर्च कधी नवऱ्याच्या दवाखान्याचा असतो, कधी मुलीच्या वसतिगृहाचा, तर कधी आधीच्या देण्याचा. सगळ्यांना ते ठाऊक असते आणि कोणी खोदून विचारत नाही. तुमच्या गटातील प्रत्येक बाई या क्षणातून केव्हा ना केव्हा गेली असणार. एकट्या तुम्ही गेलेल्या नाहीत. 19 वर्षे तुम्ही मंजुरी देणाऱ्या बाजूला बसलेल्या आहात.

आता हिशेब पाहू, कारण हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो. तुमच्या गटात महिना 100 रुपये बचत आहे आणि अंतर्गत कर्जाला शेकडा 2 रुपये व्याज आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. 19 वर्षांची तुमची बचत झाली 22,800 रुपये. एखादीने 10,000 रुपये उचलले तर पहिल्याच महिन्यात ती 200 रुपये व्याज देते, म्हणजे तुमच्या दोन महिन्यांच्या बचतीएवढे. ते व्याज कोणा सावकाराच्या घरी जात नाही, ते गटाच्याच निधीत पडते आणि त्या निधीत तुमचाही इतरांएवढाच वाटा आहे. उद्या वाटप झाले तर तुमच्या हाती 22,800 पेक्षा जास्त रक्कम येईल, आणि वरचा प्रत्येक रुपया कर्ज घेणाऱ्या बायकांनी हप्त्याहप्त्याने आणून ठेवलेला असेल. तुम्ही कोणाचे काही घेतले नाही, ही समजूत तुमच्याच वहीत खोटी ठरते. तुम्ही 19 वर्षे घेत आला आहात, फक्त मागण्याची लाज तुम्ही इतरांवर सोडून दिली आहे.

हे बोलणे कडू आहे, पण गट ज्या कल्पनेवर उभा राहिला तिच्याशी तुमचा अभिमान जुळत नाही. 1992 साली नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला तेव्हा 500 गटांचे लक्ष्य होते, आणि त्यामागे विश्वास हा होता की तारण ठेवायला ज्यांच्यापाशी काही नाही अशा बायका कर्ज घेतील, वापरतील आणि फेडतील. नुसते पैसे साठवायला पोस्ट होतेच की. गटाने नवे काय दिले असेल तर बाईला दागिना गहाण न टाकता, दहाजणींत बसून, मान वर ठेवून मागण्याची जागा दिली. त्या जागेच्या अध्यक्षबाईच जर कधी काही मागत नसतील आणि ते भूषण म्हणून सांगत असतील, तर मागणाऱ्या बाईची मान वर कशी राहावी?

यावर तुम्ही म्हणाल की मला गरजच पडली नाही. ताई, पाचव्या पानावर तुम्हीच लिहिले आहे की वरचे दात गेल्यापासून तुम्ही भाकरी आमटीत कुस्करून खाता, आणि सुनेने कवळीसाठी बाजूला काढलेले 12,000 रुपये ‘पोरांच्या फीला ठेव’ म्हणून तुम्ही तिच्या कपाटात परत ठेवलेत. दिंडीला गरम भाकरी वाढणाऱ्या बाईला स्वतःला भाकरी चावता येत नाही, आणि तिला गरज नाही! सुनेला सेवेची गोडी कशी लावू, असे तुम्ही मला विचारता. तिने स्वतःच्या पगारातून तुमची सेवा करून पाहिली, ती तुम्ही माघारी धाडलीत. आचाऱ्याचे पैसे देऊ केले, तेही तुम्हाला लागले. घ्यायला जिथे कोणी तयारच नाही तिथे द्यायची गोडी तिला लागावी कशी?

तुमच्या दारात जे वारकरी येतात त्यांची रीत तुम्ही इतकी वर्षे पाहिली आहे. ते भेटले की एक वाकतो आणि दुसरा उभा राहतो, असे होत नाही. दोघेही एकमेकांच्या पायांवर वाकतात, मग त्यातला एक म्हातारा असो की कालचे पोर. तुमच्या ओट्यावर जेवून उठलेला वारकरी तुमच्या पाया पडतो तेव्हा तुम्हीही वाकत असाल, याची मला खात्री आहे. मग घरी सुनेपुढे आणि गटात बायकांपुढेच तुमचा कणा एवढा ताठ का राहतो?

तुम्ही आजवर जे केले त्याचे मोल मी कमी करत नाही. सहा वर्षे अंथरुणावरच्या माणसाचे करणे काय असते हे मला माहीत आहे, विड्या वळून दुखणारी बोटे मी माझ्या घरात पाहिली आहेत, आणि म्हणूनच तुमच्या उतारवयात तुमच्या ताटात कुस्करलेली भाकरी असावी हे मला सहन होत नाही.

तेव्हा एकच करायचे. गटाच्या पुढच्या बैठकीत ‘कोणाला हवेत?’ असे विचारले जाईल तेव्हा तुम्ही मागायचे. 12,000 रुपये, तुमच्या नावावर, इतरांना जे व्याज तेच तुम्हाला, हप्ताही तुमच्याच पैशातून. सुनेचे पैसे का घेऊ नयेत असे वाटेल. तेही एक दिवस घ्यालच, पण तिच्याकडून घेतलेत तर ‘पोरीच्या हट्टापायी घेतले’ असे म्हणून पुन्हा तुम्हीच देणाऱ्या ठराल. ज्या बायकांनी 19 वर्षे तुमच्याकडे मागितले, त्यांच्याकडेच मागा. त्या दिवशी अध्यक्षपणा बाजूला ठेवा, तुमच्या अर्जावरची चर्चा दुसरीला चालवू द्या, आणि त्या विचारविनिमय करत असतील तोवर गप्प बसून वाट पाहा. ती वाट पाहणे तुम्हाला जड जाईल. दोरा गुंडाळावासा वाटला तर खुशाल गुंडाळा.

कवळी एका खेपेत होत नाही, माप द्यायला आणि बसवून पाहायला तीन-चारदा जावे लागते. कंपनीला सुटी असेल त्या दिवशीची वेळ घ्या आणि सुनेला म्हणा, ‘मला एकटीला जमायचे नाही, तू चल.’

आणि एक, अर्जावर कारण लिहाल तिथे ‘घरखर्च’ लिहू नका. ‘माझे दात’ असे लिहा.