रिपोर्ट नॉर्मल, तरी मुलीचं पोट दुखतं. मग मानसशास्त्रज्ञाकडे कशाला?

नाही, तुमची मुलगी नाटक करत नाहीये. नऊ वर्षांच्या मुलीचं पोट चार महिने दुखतंय, तपासण्यांत काही निघत नाही आणि आता डॉक्टर मानसशास्त्रज्ञांना भेटा म्हणतात. आपली बोळवण केली असं वाटणारच. मी मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांसोबत काम करणारी मानसशास्त्रज्ञ आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक आधी चिडलेलेच असतात.

आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि त्याची मेंदूशी सतत देवाणघेवाण चालू असते. काही मुलांत, कधी जुलाबाच्या आजारानंतर, हे जाळं हळवं होतं. इतरांना जाणवतही नाही एवढ्या गॅसने त्यांना खरोखर दुखतं. सोनोग्राफीत हा हळवेपणा दिसत नाही. भीतीने तो वाढतो, दुखण्याने भीती वाढते.

पण म्हणून ‘डॉक्टर सोडून माझ्याकडे या’, असं मी कधीच म्हणत नाही. वजन घटणं, उंची न वाढणं, शौचातून रक्त, हिरवी उलटी, वारंवार ताप, झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं काहीही दिसलं तर आधी त्यांच्याकडेच.

बद्धकोष्ठता असेल तर दोघांची गरज अगदी उघड दिसते. एकदा शी करताना दुखलं की मूल ती दाबून धरतं, खडा आणखी कडक होतो. डॉक्टर शी मऊ करणारं औषध देतात, बऱ्याचदा काही महिने. मी जेवणानंतर पाच-दहा मिनिटं, पायांखाली स्टूल घेऊन, न घाबरता बसायला शिकवते. पालकांनी औषध मध्येच बंद केलं तर माझी शिकवणी फुकट. भीती गेली नाही तर औषध असूनही मूल दाबूनच धरतं.

आता घरचं. ‘दुखतंय का गं?’ हे विचारणं थांबवा. 2006 मधल्या एका प्रयोगात मुलांना पोट तट्ट होईपर्यंत पाणी पाजलं. ज्यांचे पालक दुखण्याबद्दलच बोलत राहिले त्यांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या. ज्यांचं लक्ष दुसरीकडे वळवलं त्यांच्या साधारण निम्म्यावर आल्या. गंमत म्हणजे लक्ष वळवणं मुलांना बरं वाटलं, नेहमी पोट दुखणाऱ्या मुलांच्या पालकांना मात्र त्याचीच धास्ती होती! शाळाही बुडू देऊ नका. अर्धा दिवस का होईना, पाठवा.

मानसशास्त्रज्ञ निवडताना मुलांच्या पोटदुखीसाठी सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धत) किंवा संमोहनाचा अनुभव आहे का, ते विचारा. आणि डॉक्टरांना पुढची तारीख आत्ताच मागून घ्या.