वेल्श आणि टागालोग : ‘भाषाभगिनी’ कोणाला म्हणावे?

प्रश्न असा आला आहे की, वेल्श आणि फिलिपीन्समधील टागालोग या दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या आरंभी येते आणि दोहोंत शब्दारंभीचे व्यंजन बदलते, म्हणून त्यांचा उल्लेख ‘भाषाभगिनी’ असा केलेला आढळला. हा प्रयोग योग्य आहे काय? योग्य नाही. दोन भाषांत काही सारखे दिसले की त्यांना भगिनी ठरवण्याची सवय अलीकडे फार बोकाळली आहे. भगिनी ठरायला आई एक असावी लागते. वेल्श इंडो-युरोपीय कुळाच्या (संस्कृत-मराठीही याच कुळातल्या) केल्टिक शाखेतली, टागालोग आग्नेय आशिया व प्रशांत महासागरातील बेटांवर पसरलेल्या ऑस्ट्रोनेशियन कुळातली. दोहोंची आई एक असल्याचा कोणताही पुरावा नाही.

साम्य मात्र खरे आहे. ‘मुलीने कुत्रा पाहिला’ हे वेल्शमध्ये ‘ग्वेलोध अ व्हेर्ख गी’ आणि टागालोगमध्ये ‘नाकाकिता आङ बाबाए नङ आसो’ असे होते. दोन्हीकडे क्रम ‘पाहिला–मुलीने–कुत्रा’ असाच. व्यंजनबदलाचेही तसेच. वेल्समधील बँगोर या गावाविषयी ‘बँगोरमध्ये’ असे म्हणताना वेल्श माणूस ‘अम् मँगोर’ म्हणतो. टागालोगमध्ये ‘बिली’ (विकत घेणे) या धातूला ‘माङ्’ हा उपसर्ग लागला की ‘मामिली’ (बाजारहाट करणे) होते. अनुनासिकाच्या शेजारी आलेल्या ‘ब’चा ‘म’ होणे ही तोंडाची सोय आहे, नात्याची खूण नव्हे. आपल्याकडे ‘वाक्’ आणि ‘मय’ मिळून ‘वाङ्मय’ होते ते याच सोयीने.

या क्रियापदारंभी रचनेवरून मोठमोठ्यांची दिशाभूल झालेली आहे. वेल्श व्याकरणात ज्यांचा अधिकार वादातीत, त्या जॉन मॉरिस-जोन्स यांनी 1900 साली असे प्रतिपादले की ही रचना ब्रिटनमध्ये केल्ट येण्यापूर्वीच्या लोकांची असून तिचे मूळ प्राचीन इजिप्शियन आणि उत्तर आफ्रिकेतील बर्बर भाषांच्या कुळात आहे. हा तर्क आजही अधूनमधून कौतुकाने उद्धृत होतो, आणि तो मला मुळीच पटत नाही. इजिप्तशी सुतराम संबंध नसलेली टागालोग हीच रचना बाळगते. मग वेल्शला तेवढी ती कोणाकडून उसनी आणावी लागली असे का मानायचे?

नात्याचा खरा पुरावा नियमित ध्वनिबदलात सापडतो, आणि त्यासाठी ‘बहीण’ हाच शब्द घ्यावा. वेल्शमध्ये बहिणीला ‘ख्वाइर’ म्हणतात. शब्दारंभीच्या जुन्या ‘स्व’चा वेल्शमध्ये ‘ख्व’ होतो: संस्कृत ‘स्वेद’ तिकडे ‘ख्वीस’, सासूचा जुना वेल्श शब्द ‘ख्वेगर’ म्हणजे आपली ‘श्वश्रू’, आणि ‘ख्वाइर’ म्हणजे साक्षात ‘स्वसृ’. (फारसीनेही स्वतंत्रपणे हेच केले, तिथे बहीण ‘ख्वाहर’ आहे.) ‘भगिनी’ हा शब्द ‘भग’ म्हणजे भाग्य यावरून संस्कृतात घडलेला, म्हणून तुलनेने नवा, ‘बहीण’ त्याच्यापासून आली. म्हणजे बहिणीसाठीचा मूळ इंडो-युरोपीय शब्द वेल्शने राखला आणि मराठीने गमावला.

परंतु तो पुरता गेलेला नाही. ‘मातृष्वसृ’ म्हणजे आईची बहीण. बाराव्या शतकातील जैन पंडित हेमचंद्र याच्या प्राकृत व्याकरणात तिचे रूप ‘माउसिआ’ असे दिले आहे, आणि तीच आपली ‘मावशी’. ‘मावशी’तली ‘शी’ ही त्या ‘स्वसृ’ची उरलेली खूण आहे, आणि म्हणून वेल्सची राजधानी कार्डिफ इथल्या ‘ख्वाइर’चे आपल्या घरातील खरे नातलग ‘बहीण’ नसून ‘मावशी’ आहे. ‘माय मरो, मावशी उरो’ ही म्हण शब्दांच्या बाबतीत इतकी तंतोतंत खरी ठरलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही.

एकटा ‘स्वसृ’ का मेला, याविषयी माझे एक मत आहे. ‘स्वसा’चे प्राकृतात ‘ससा’ झाले, आणि ‘शशक’ही त्याच वाटेने ‘ससा’कडे येत होता. बहीण आणि रानातला ससा यांना एकच नाव भाषा फार काळ चालू देणार नाही. रोज हाक मारण्याच्या शब्दात असा गोंधळ परवडत नाही, म्हणून बहिणीने ‘भगिनी’चा आसरा घेतला, आणि ‘माउसिआ’त मात्र ‘माउ’ सोबत असल्यामुळे गोंधळाला जागाच राहिली नाही. सभ्यतेच्या भावनेने ‘भगिनी’ पुढे आली असे स्पष्टीकरण काही जण देतात; परंतु सभ्यतेने ‘मावशी’ला हात का लावला नाही, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही.

टागालोगमध्ये बहीण-भावंडांना लिंगभेद न करता ‘कापातिद’ म्हणतात. ‘का’ म्हणजे सोबतचा आणि ‘पातिद’ म्हणजे तुटलेला, अशी त्याची फोड सांगतात. आपल्या ‘सहोदर’च्या जवळची ही कल्पना आहे, पण शब्द सर्वस्वी त्यांचा. थोरल्या बहिणीचा ‘आते’ आणि थोरल्या भावाचा ‘कुया’ हे शब्द होक्कियेन या चिनी बोलीतून आले आहेत. ‘मुखा’ (चेहरा), ‘गुरो’ (शिक्षक), ‘दिवाता’ हे संस्कृतातून मलायमार्गे गेले. फिलिपीन्सच्या लागुना प्रांतात सापडलेल्या ताम्रपटावर शके 822, वैशाख मास अशी तिथीही कोरलेली आहे. पण म्हणून ‘आसावा’ (जोडीदार) हा शब्द ‘स्वामी’पासून आला असे छापणे चूक आहे, आणि ते वारंवार छापले जाते. प्रशांत महासागरातील ग्वाम बेटाच्या चामोरो या ऑस्ट्रोनेशियन भाषेत तोच शब्द ‘आसाग्वा’ असा आहे. तो ऑस्ट्रोनेशियन कुळाचा स्वतःचा, फार जुना शब्द आहे. उसना शब्द संपर्क सिद्ध करतो, नाते नव्हे.

वेल्शसंबंधी ‘भगिनी’ म्हणायचेच असेल तर ते इंग्लंडमधील कॉर्नवॉलची कॉर्निश आणि फ्रान्समधील ब्रिटनीची ब्रेटन यांना म्हणावे. टागालोगसाठी फिलिपीन्समधल्याच सेबुआनो आणि इलोकानो आहेत. आणि दूरची चुलत बहीण हवी असेल तर ती हिंदी महासागराच्या दुसऱ्या टोकाला मादागास्करमध्ये मिळेल, जिथे टागालोगमधील ‘लिमा’ (पाच) मालागासी भाषेत ‘दिमी’ झाला आहे. वेल्श आणि टागालोग यांच्याविषयी लिहिताना ‘रचनासाम्य असलेल्या भाषा’ एवढे म्हणणे पुरे आहे.