नाण्यांच्या धंद्यात मुलगा शिरतोय, शिरू द्यावा का?

कोल्हापूरच्या शाहूपुरीतून एका आईचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतो.

"सर, मुलगा एस.वाय. बी.कॉम.ला आहे. त्याचे आजोबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला, जुन्या नाण्यांनी भरलेला. तेव्हापासून त्याला हा नाद लागला. वर्षभरात वाढदिवसाचे, शिकवण्यांचे, काही माझ्याकडून घेतलेले असे ४२ हजार त्यानं नाण्यांत घातले. ९ हजारांची विकली. त्यात एका जुन्या रुपयाच्या नाण्यावर अडीच हजार सुटले, तेव्हापासून पाय जमिनीवर नाहीत. आता म्हणतो, कॉलेज सोडतो, गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, आसपास छोटा गाळा घेतो, तुझी दीड लाखाची ठेव मोडून दे. याचे वडील म्हणतात हा जुगार आहे. मला काही कळत नाही. सोबत तीन नाण्यांचे फोटो पाठवते."

ताई, जुगार म्हणणं अन्यायाचं होईल. पण याला धंदाही अजून म्हणवत नाही. वर्षात ४२ हजार गेले आणि ९ हजार आले, याला आपल्याकडे खरेदी म्हणतात.

तो तुम्हाला नक्की सांगत असेल की उरलेला माल लाखाच्या घरात आहे. कसं काढलं हे विचारा. मोबाईल दाखवेल, कुणीतरी तसंच नाणं आठ हजाराला लावलंय. लावलंय, विकलेलं नाही. आपल्या गल्लीत फ्लॅटवर वर्षभर "विकणे आहे" अशी पाटी असते, त्या पाटीवरचा आकडा कुणी घराचा भाव धरत नाही. नाण्यांचंही तेच. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांच्यात ज्याला फरक करता येत नाही, त्याच्या जिवावर या व्यवहारात दुसरे लोक पोसले जातात असं समजा.

म्हणून ठेवीचा विषय काढण्याआधी एक काम करायला लावा. घरातल्या मालातली त्याला सर्वांत भारी वाटतात अशी दहा नाणी त्यानं काढावीत. प्रत्येक कुठून, कधी, किती रुपयांना घेतलं ते कागदावर लिहावं. मग ती दहा घेऊन तीन व्यापाऱ्यांकडे जावं. कोल्हापुरात दोघे-तिघे मिळतील, नाहीतर पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथं जावं. आणि "याची किंमत काय" असं विचारू नये, "तुम्ही आत्ता रोख किती देता" असं विचारावं. या दोन प्रश्नांची उत्तरं ऐकून बरेच जण त्याच दिवशी शहाणे होतात. व्यापारी लबाड असतो असं मला म्हणायचं नाही. त्याला ते नाणं सहा महिने सांभाळायचं असतं, गाळ्याचं भाडं भरायचं असतं, म्हणून तो विक्रीच्या भावाच्या बराच खाली मागतो. तुमचा मुलगा उद्या गाळा घेईल तेव्हा तोही तसंच मागेल.

पुढचं जरा खोलात सांगतो, कारण अडीच हजार सुटले ते कसे सुटले हे त्याला स्वतःलाही ठाऊक आहे की नाही, मला शंका आहे.

जुन्या चांदीच्या रुपयाला दोन भाव असतात. एक मोडीचा, म्हणजे वितळवल्यावर निघणाऱ्या चांदीचा, दुसरा संग्राहकाचा. १८३५ पासून कंपनी सरकारनं आपल्या मुलखात सगळीकडे एकच रुपया चालू केला, वजन ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांतली अकरा भाग चांदी. म्हणजे निव्वळ चांदी साधारण १०.७ ग्रॅम. (जुना तोळा म्हणजे हाच रुपया. हल्ली सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, ते नंतरचं.) दिवाळीआधी गुजरीत लक्ष्मीपूजनासाठी राणीछाप रुपये मागायला गर्दी होते, तेव्हा लोक बहुतेक चांदीचेच पैसे देतात. चांदी वर गेली की असा रुपया आपोआप महाग होतो. मुलाचे अडीच हजार त्या चढात सुटले असतील तर त्यानं चांदीवर कमावलं, नाण्यांच्या ज्ञानावर नाही. दोन्ही पैसेच, मान्य. पण पुढच्या वर्षी चांदी खाली आली तर काय, हे त्याला उमगायला हवं.

आता तीच चांदी दुसरीकडे कशी फसवते पाहा. सहाव्या जॉर्जचा १९३८ चा रुपया आणि १९४३ चा रुपया टेबलावर ठेवले तर घरातलं कुणीही दोन्ही सारखेच म्हणेल. १९४० पासून युद्धाच्या काळात चांदी निम्म्यावर आणली गेली. म्हणजे दुसऱ्यात निव्वळ चांदी फक्त पावणेसहा ग्रॅमच्या आसपास. आणि १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा, त्यात चांदी औषधालाही नाही. फ्रिजवरचं लोहचुंबक लावा, चटकन चिकटतो. तरीही दर दिवाळीला कुणीतरी तो चांदीच्या भावानं घेतंच.

संग्राहकाचा भाव मात्र चांदीवर ठरत नाही, आणि वयावर तर मुळीच नाही. पालकांची इथंच सगळ्यात मोठी गफलत होते. आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सातवाहन काळातली नाणी निघाली, कोल्हापूर भागात शिशाची, धनुष्यबाणाचं चिन्ह असलेली 'कुर' राजांची नाणी सापडतात, दोन हजार वर्षांच्या घरातली. त्यांतली झिजलेली, अक्षर न लागणारी नाणी शंभर वर्षांच्या एखाद्या कोऱ्या रुपयापेक्षा स्वस्त जातात. व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया घ्या. लोक तारीख बघून हरखतात. पण त्या छापाच्या रुपयावर पुढं कित्येक वर्षं, १८७४ पर्यंत, १८६२ हेच साल छापत राहिले. म्हणून तो भारतात सगळ्यात जास्त सापडणाऱ्या जुन्या रुपयांपैकी एक आहे. जाणकार त्यात ठशातले बारीक ठिपके मोजून प्रकार वेगळे काढतो आणि एखाद्याच प्रकाराला जास्त पैसे देतो. उलट १९३९ चा रुपया, वयानं कितीतरी लहान, दुर्मीळ आहे. आणि म्हणूनच त्याचे बनावट खूप फिरतात, हेही ओघानं आलंच.

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया तर गोष्टीसाठीच विकला जातो. राजाच्या झग्यावर हत्ती कोरला होता, पण सोंड आखूड आणि पाय बुटके, लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, नाणी मागे घेऊन वितळवली, १९१२ पासून ठसा बदलला. १९१२ च्या रुपयापेक्षा त्याला भाव जास्त मिळतो. लाख मात्र मिळत नाहीत.

लाखांवरून आठवलं. ट्रॅक्टरची पाचची नोट, ७८६ ची नोट, वैष्णोदेवीचं नाणं, "घरबसल्या पाच लाख", हे व्हिडिओ त्यानं पाहिलेले असणारच. त्यात शेवटी एक नंबर असतो, आणि नंबरवरचा माणूस आधी नोंदणी फी, मग कर, मग पार्सलचा विमा मागतो. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की अशा व्यवहाराशी बँकेचा काही संबंध नाही आणि ती असली फी घेत नाही. नाणं विकणाऱ्यानं आधी पैसे भरायचे असा व्यवहार दिसला की फोन ठेवायचा.

बनावटीबद्दल माझीच फजिती सांगतो. कॉलेजात असताना पन्हाळ्यावर तीन दरवाजाजवळ एका माणसाकडून मी पाच शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) घेतल्या होत्या. काळ्या, मातकट, हातात घेतल्यावर छाती भरून येईल अशा. घरी आल्यावर पाचही शेजारी ठेवल्या, तर पाचहींवर 'श्री राजा शिव'मधल्या 'जा'ला अगदी त्याच जागी तोच फुगवटा. एकाच साच्यात ओतलेल्या. खरी शिवराई ठशावर हातोडा मारून पाडलेली असते, तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान, म्हणून अक्षरं कधी वर सरकलेली, कधी कडेला कापलेली, 'छत्रपती'तलं अर्धंच दिसतं. दोन शिवराया एकमेकींच्या छायाप्रती असू शकत नाहीत. आणि ज्यावर ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि मागं रामदरबार आहे ते नाणं तर कंपनीनं कधी पाडलंच नाही. ते तुमच्या डब्यात असेल तर देवघरात ठेवा, भाव विचारायला जाऊ नका.

कायद्याचंही दोन शब्दांत सांगतो, कारण गाळा म्हटला की ते आलंच. शंभर वर्षं झालेलं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू ठरतं. छंद म्हणून जवळ ठेवणं वेगळं, पण अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशातल्या गिऱ्हाईकानं चांगला भाव दिला म्हणून पाकीट पोस्टात टाकलं, असं होता कामा नये. दुसरं, "शेतात नांगरताना मडकं लागलं, गुपचूप घेता का" असं कुणी आलं तर लांब राहायचं. जमिनीतून निघालेला दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, हा कायदा १८७८ चा आहे आणि अजून लागू आहे. पावती, हिशेब, कर यांसाठी तो बी.कॉम. करतोयच, तेवढं तरी त्याला यायला हवं.

आता पुढचा भाग त्याला वाचायला द्या.

मित्रा, कॉलेज सोडू नकोस. हे पालकांना बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. या धंद्यात ज्यांचं चालतं त्यांच्याकडे भांडवल असतं किंवा वाचायची ताकद असते. भांडवल तुझ्याकडे नाही, आईच्या ठेवीला भांडवल म्हणत नाहीत. राहिली वाचायची ताकद. आदिलशाही नाण्यावरची फारसी तुला लागते का? ब्राह्मी लिपी? निदान मोडी लिपी? जे नाणं व्यापाऱ्याला "काहीतरी मुसलमानी तांबं" म्हणून वीस रुपयांना द्यायचंय, त्याच्यावरची टांकसाळ तुला वाचता आली तर त्या वीस रुपयांत खरी कमाई आहे. इथं चांदीच्या चढउताराचा संबंध नाही. एखादा मोडीचा वर्ग धर. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जा, ब्रह्मपुरीच्या वस्तू बघ, आणि नुसता फोटो काढून येऊ नकोस, तासभर थांब.

पदवीनंतर वाट हवी असेल तर ती आहे. पुण्याचं डेक्कन कॉलेज पुरातत्त्वात एम.ए. शिकवतं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून आहे, तिथलं संग्रहालय एकदा पाहून ये. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्राचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो, आणि फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. प्रवेशाच्या अटी त्या-त्या संस्थेकडूनच विचारून घे. अशा ठिकाणी शिकलेल्याला लिलावगृहात सूची लिहिण्याचं, संग्रहालयात नोंदी करण्याचं काम मिळू शकतं. पगार सुरुवातीला बेताचाच असतो, तेही सांगून ठेवतो. पण रोज शेकडो खरी नाणी हाताखालून जातात, आणि तुझ्या गाळ्याला जी पारख हवी ती तिथं तयार होते.

तोवर धंदा बंद कर असं म्हणत नाही. वर्षाला दहा हजारांच्या वर घालायचं नाही. एकच विषय धर, माझं ऐकशील तर १८३५ ते १९४७ चे रुपये, कारण साल, टांकसाळ, वजन सगळं नोंदलेलं आहे, चूक झाली तरी लवकर कळते. दोन दशांशांचा तोलकाटा आणि दहापट भिंग घे, दोन्ही मिळून एका चांगल्या रुपयापेक्षा स्वस्त पडतील. लिलावगृहं झालेल्या विक्रीचे भाव प्रसिद्ध करतात, ते वहीत उतरवून काढ. त्यावर घेणाऱ्याकडून जादा कमिशन आणि कर घेतात, विकणाऱ्याच्या हातात त्याहून कमी येतं, हेही त्याच पानावर लिही. नवीन नाणं घ्यायचं तर आधीचं एक विकूनच. हा नियम तुला जाचेल, पण डबा भरत जाणं आणि खिसा भरत जाणं यात तुझा गोंधळ झालाय तो यानंच सुटेल.

आणि ती हिरवी चिकट प्लास्टिकची पाकिटं फेकून दे. त्यातलं मऊ पीव्हीसी प्लास्टिक तांब्याला खातं. पुठ्ठ्याच्या चौकटी किंवा साधा कोरडा कागद चालेल. नाणी कडेनं धर.

ताई, आता तुमचे फोटो. पहिला १९४७ चा वाघ आहे, वर सांगितलाच. दुसरा एडवर्डचा १९०७ चा, झीज बेताचीच आहे, काळपटपणा मूळचा आहे, तो तसाच राहू द्या. मुलाला म्हणावं, त्या दहा नाण्यांत हा घाल. तिसरा राणीचा १८६२ चा, एवढा लखलखतोय की चिंच किंवा पितांबरी लागलेली स्पष्ट दिसतेय. कुणी घासला ते मी विचारत नाही. संग्राहक आता त्याचे चांदीपलीकडे फारसे काही देणार नाही. तो सासऱ्यांच्या डब्यातला असेल तर विकायला काढू नका, यंदाच्या लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवा.