वाचकांचे प्रश्न : धरणं उठल्यावर वस्तीत जा

प्रश्न : मी पुण्यात समाजशास्त्रात एम. ए. करते. कचरावेचक महिलांच्या आंदोलनावर प्रबंध लिहायचा आहे. जिल्हाधिकारी कचेरीसमोरच्या धरण्यात बऱ्याच जणींशी बोलले, पण सगळ्यांची उत्तरं एकसारखी. चुकतंय कुठे?

उत्तर : जागा चुकली. मांडवात पुढारी समोर बसलेले असतात. तिथे बाई पत्रकात लिहिलेलंच बोलणार. आदल्या आठवड्यात वस्तीत बैठक होते तिला जा, आणि धरणं उठल्यावर दोन-तीन दिवसांनी पुन्हा जा. 'का आलात?' हे विचारूच नका. त्या दिवसाचा हिशेब विचारा : किती रुपयांचा खाडा झाला, बसभाडं कुणी दिलं, कचरा गोळा करायची आपली घरं त्या दिवशी कुणाकडे सोपवली, पोरांना कुणी सांभाळलं, वर्गणीची पावती फाडली का, न आलेल्या शेजारणीला बाकीच्या काय म्हणाल्या. संघटना कशी चालते ते या उत्तरांत सापडतं.

वही बाहेर काढली की बायका जपून बोलू लागतात. तेव्हा चिठोऱ्यावर चार खुणेचे शब्द टिपा आणि सविस्तर नोंद त्याच रात्री करा. तासाभराच्या बैठकीला लिहायला सहज दोन तास लागतात, तेवढे राखून ठेवा. दुसऱ्या दिवशी लिहिलं की त्यांचे शब्द जाऊन आपले येतात. 'महिला संतप्त होत्या' ही नोंद कुचकामी. कोणत्या घोषणेला आवाज पडला, भाषण चालू असताना कोण उठून गेलं, हे लिहा. आपला अर्थ समासात.

गर्दीचा आकडा आयोजकांकडून घेऊ नका, पोलिसांकडूनही नको. जागा पावलांनी मोजा. सैल उभ्या गर्दीत चौरस मीटरला साधारण 1 माणूस धरतात, दाटीत 2 ते 2.5.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. 'रेशन दुकानामागे राहणारी, नवरा रिक्षा चालवणारी' एवढ्यावर वस्ती तिला ओळखते. खऱ्या नावांची यादी नोंदींपासून वेगळी ठेवा. चेहऱ्यांचे फोटो टाळाच. गुन्हा दाखल झाला तर तुमचाच फोटो तिच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो.

प्रश्न : आंदोलनामुळे बदल झाला, हे दाखवायचं कसं?

उत्तर : निवेदनाच्या पोचेवरून सुरुवात करा. शिष्टमंडळ साहेबांना भेटून फोटो काढतं, पण संशोधकाच्या कामाची असते ती कार्यकर्त्याच्या पिशवीतली दुसरी प्रत : कचेरीचा शिक्का, तारीख, आवक क्रमांक. तो क्रमांक घालून माहिती अधिकारात अर्ज करा, 'या निवेदनावरील कार्यवाही व नस्तीतील टिप्पण्यांच्या प्रती' मागा (नस्ती म्हणजे कचेरीतली फाईल). शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. तीन विषय कोंबले तर पहिल्याचंच उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतात.

मात्र एका मोर्चाला एक निकाल जोडू नका. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही पुण्यातल्या कचरावेचकांची संघटना 1993 ची. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली 2008 मध्ये. मधल्या 15 वर्षांत ओळखपत्रं, बैठका आणि असंख्य निवेदनं आहेत. शिवाय हे करार मुदतीचे असतात. मुदत संपत आली की वाटाघाटी आणि धरणी पुन्हा सुरू होतात. क्षेत्रकार्य त्या महिन्यांत बसवता आलं तर पाहा.