ऑपरेशन न करता नाकाच्या पडद्याचं भोक बुजतं का?

नाही बुजत. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला पडलेलं जुनं भोक मलमाने, तुपाने, थेंबांनी भरून येत नाही. कडांवर कातडी धरते आणि ते तसंच राहतं. तुम्ही लिहिलंय की श्वास घेताना शिट्टी वाजते, म्हणजे भोक बहुधा लहान असणार. मोठ्याची सहसा वाजत नाही.

माझं पडलं हार्ड क्रोमच्या टाकीवर, म्हणजे धातूच्या भागांवर क्रोमचा जाड थर चढवतात तिथे. भोसरीतल्या एका प्लेटिंग शेडमध्ये नऊ वर्षं काढली. करंट सुरू झाला की टाकीतून बुडबुडे वर येतात आणि फुटताना क्रोमिक अ‍ॅसिडचे बारीक तुषार उडवतात. एक्झॉस्ट निम्मा महिना बंद, तोंडाला रुमाल. संध्याकाळी रुमालावर नाकापाशी पिवळे डाग. दुखत मात्र काहीच नव्हतं. सकाळी शिंकरलं की खपली निघायची, तिला जरासं रक्त. एकदा रात्री दोनला बायको उठून बसली, "अहो, एवढ्या रात्री कुकर कोणी लावलाय?" कुकर नव्हता, माझं नाक होतं.

सुपरवायझर म्हणाला, नाक कोरायची सवय आहे तुला. पहिल्या डॉक्टरांनीही त्याचीच री ओढली, केसपेपरवर तसंच लिहिलं. कोरून भोक पडत नाही असं नाही. पण आम्ही टाकीवर चौघं होतो. एका रात्रपाळीला गंमत म्हणून पेनबॅटरी एकाच्या नाकपुडीत धरली, तर दुसरीतून लाल उजेड. मग सगळ्यांची तपासली. तिघांचं आरपार. तिघंही कोरत होतो काय? कारखाने कायदा 1948 च्या तिसऱ्या परिशिष्टात क्रोमचे व्रण हा सरकारला कळवण्याचा आजार म्हणून तेव्हा छापलेला होता. कळवायचं डॉक्टरांनी. कळवलं कोणी नाही.

असो, तुमचं. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याने नाक धुवा, पाणी उकळून गार केलेलंच. रात्री आतून बोटाच्या टोकावर मावेल एवढं मलम. खपली ओढू नका, भिजू द्या. एवढ्यावर माझी चार वर्षं निभावली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सिलिकॉनचं बटण बसवलं: दोन चकत्या, मध्ये आखूड दांडी. नाक बधिर करून एक चकती दुमडून भोकातून पलीकडे सारतात, तिकडे ती उघडते. ओपीडीतच झालं. आठवडाभर नाकात चिंचोका अडकल्यासारखं वाटलं, पण शिट्टी त्याच दिवशी बंद. बटणाच्या कडेला खपल्या धरतातच, त्यामुळे धुणं सुटत नाही. काहींना ते सोसत नाही, काढावं लागतं. भोक फार मोठं असेल तर नीट बसतही नाही.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. नाकाचा दांडा खचत असेल, कडा सुजून सारखं रक्त येत असेल, सांधे दुखत असतील, तर बटणाच्या आधी रक्ततपासणी आणि कडेचा तुकडा तपासून घ्या. क्षयापासून रक्तवाहिन्यांच्या आजारापर्यंत काहीही निघू शकतं. नाक मोकळं करणारा स्प्रे महिनोन्‌महिने मारत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि तुम्ही काम काय करता ते लिहिलेलं नाही. प्लेटिंग, क्रोमचे रंग, चामडं कमावणं यातलं काही असेल तर ते केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. माझ्या पहिल्या कागदावर अजून "नाक कोरण्याची सवय" आहे. तो मी लॅमिनेट करून ठेवलाय.