देवीला विनोदी चित्रपटात आणलेले तमिळ प्रेक्षकांना खटकत नाही का?

आपण ‘मूकुत्ती अम्मन’ (म्हणजे नथवाली देवी) हा तमिळ चित्रपट पाहून हा प्रश्न विचारला आहे, म्हणून उत्तरही त्याच चित्रपटाच्या आधारे देतो. माझ्या मते तो बहुतेकांना खटकत नाही, कारण त्यात हसे होते ते देवाशी व्यवहार करू पाहणाऱ्या माणसांचे, देवीचे नव्हे. शिवाय देवाशी हुज्जत घालण्याची रीत तमिळ भक्तिपरंपरेत फार जुनी आहे.

आर. जे. बालाजी आणि एन. जे. सरवणन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 2020 च्या दिवाळीत थेट ओटीटीवर आला. नागरकोविलच्या एका ओढगस्तीच्या कुटुंबाला तिरुपतीला जायचे असते आणि दर वेळी काही ना काही आडवे येते. मग आधी कुलदैवताला जाऊन या, असा सल्ला मिळतो. कुलाचार चुकला म्हणून कार्य अडले, हे ज्या मराठी घरांत आजही गंभीरपणे बोलले जाते, तेथे ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. त्या पडक्या, विसरलेल्या देवळातली देवी (नयनतारा) प्रकट होते आणि आपलेही देऊळ नावारूपाला यावे, अशी तिची इच्छा असते. मला या चित्रपटातली सर्वांत चतुर कल्पना हीच वाटते. मोठ्या क्षेत्रांच्या गर्दीपुढे गावोगावच्या अम्मनची जी उपेक्षा होते, ती येथे खुद्द देवीच बोलून दाखवते. आईच्या भूमिकेतल्या उर्वशी यांनी भाबडेपणा आणि धूर्तपणा असा काही मिसळला आहे की देवी समोर असतानाही लक्ष त्यांच्याकडेच जाते.

परंपरेविषयी सांगायचे तर, शैव संतकवी सुंदरर यांच्या पहिल्या पदाची सुरुवातच शिवाला ‘वेडा’ म्हणून हाक मारण्याने होते. आपल्याकडे जनाबाई विठ्ठलाला शिव्या देते आणि तिच्या भक्तीविषयी कोणाला शंका येत नाही, तसेच हे आहे. पडद्यावर याचा उत्तम नमुना म्हणजे ए. पी. नागराजन यांच्या 1965 च्या ‘तिरुविळैयाडल’मधला दरुमीचा प्रसंग. पांड्य राजाने कवितेसाठी हजार सुवर्णमुद्रांचे बक्षीस लावलेले आहे, दरिद्री कवी दरुमी देवळात शिवापुढे रडगाणे गात आहे, आणि साक्षात शिव (शिवाजी गणेशन) कवीच्या वेशात येऊन त्याला कविता देऊ करतो. दरुमी झालेले नागेश त्याचीच परीक्षा घ्यायला निघतात. मात्र उत्तरे देण्याची पाळी आपल्यावर येऊ नये म्हणून प्रश्न विचारण्याचे काम तेवढे स्वतःकडे घेतात. तो चित्रपट पूर्णपणे पौराणिक आणि भक्तिपर आहे, तरीही लोकांच्या ओठी राहिला तो हाच संवाद. यमलोकावरचे विनोदी चित्रपटही तमिळमध्ये पुष्कळ झाले, पण त्यांतले बरेच तेलुगूवरून घेतलेले आहेत. त्यांच्यात मी येथे शिरत नाही.

दुसरी गोष्ट द्रविड चळवळीची, म्हणजे तमिळनाडूतल्या ब्राह्मणेतर समाजसुधारणेच्या चळवळीची. ज्या समाजात पेरियार ई. वे. रामसामी यांचा निरीश्वरवाद घराघरांत चर्चिला गेला, तेथे देवाधर्मावरची टीका प्रेक्षकाला नवी नाही. ‘मूकुत्ती अम्मन’च्या नायकाचे नाव एंगल्स रामसामी आहे. मार्क्सचे सहकारी एंगल्स आणि पेरियार या दोघा निरीश्वरवाद्यांची आठवण देणारे हे नाव केवळ योगायोगाने सुचले असेल असे मला वाटत नाही. असा नायक देवीपुढे उभा केल्यावर रोख आपोआपच श्रद्धेचा धंदा करणाऱ्या, जमिनी लाटणाऱ्या बाबाकडे वळतो. नास्तिक आणि भाविक दोघेही त्या बाबावर एकत्र हसू शकतात.

उत्तरार्ध मात्र मला फसलेला वाटतो. बाबा आल्यानंतर देवी गप्पिष्ट पाहुणी राहत नाही, ती वक्ता होते. पूर्वार्धात जे एका मिस्कील वाक्यात कळले होते, तेच पुढे लांबलचक भाषणांतून ऐकावे लागते. भावना दुखावण्यापेक्षा कंटाळा येण्याचा धोका तेथे अधिक आहे.