आधी चाक, मग पत्रा

वाइड बॉडीबद्दल, म्हणजे रुंद चाकं मावावीत म्हणून मडगार्ड रुंद करण्याबद्दल, या खेपेला इतके प्रश्न आलेत की सगळे एका बैठकीत उरकणार नाहीत. चार घेतो.

प्रश्न : २००१ ची पोर्शे बॉक्स्टर (९८६) सेकंडहँड घेतली आहे. डेंटर म्हणतो, ‘किट येऊ द्या, दोन दिवसांत मडगार्ड कापून बसवतो.’ रिवेटचा किट घेऊ की वेल्डिंगचा? (गंगापूर रोड)

उत्तर : कापून होईल हो दोन दिवसांत. जोडायला दोन महिने धरा.

रिवेट की वेल्डिंग हा नंतरचा प्रश्न. रुंद चाक खड्ड्यात पूर्ण वर आलं की त्याला जागा हवी, म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही प्रकारांत पत्रा कापावाच लागतो. पुढचे मडगार्ड बोल्टचे असतात. जुन्या बाजारातून दुसरी जोडी मिळवा, ती कापा आणि मूळची जोडी माळ्यावर ठेवा. मागचं तसं नाही. तो पत्रा गाडीच्या सांगाड्याचाच भाग आहे. एकदा ग्राइंडर फिरला की परत येणं नाही.

मागच्या कमानीला पत्र्याचे दोन थर असतात, बाहेरचा दिसतो तो आणि आतला चाकाच्या खोबणीचा. कडेला ते स्पॉट वेल्डने एकमेकांना धरून असतात. कड कापली की हा जोड जातो आणि मधे फट पडते. बाहेरून फ्लेअर (किटमधला फायबरचा फुगवटा) बसल्यावर ती कुणाला दिसत नाही, पण श्रावणात त्र्यंबक रोडला एक चक्कर मारा, पाणी आणि चिखल बरोबर वाट शोधतात. बरोबर पद्धत अशी : आतल्या थराला पाकळ्यांसारख्या चिरा द्यायच्या, एकेक पाकळी बाहेर वळवून बाहेरच्या पत्र्याला टाके मारायचे, मग पूर्ण वेल्ड, झिंक प्रायमर, सीम सीलर (जोड बुजवणारा लेप) आणि आतून मेण. तुमच्या गाडीचा पत्रा गॅल्व्हनाइज्ड आहे. कापलेल्या आणि वेल्ड केलेल्या जागी जस्त उडून जातं, म्हणून ही पायरी टाळू नका. जस्ताचा धूर वाईट, डेंटरला मास्क लावायला लावा. आणि वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा.

बॉक्स्टरची आणखी एक गोष्ट. मागच्या चाकांपुढे दोन्ही बाजूंना जाळ्या आहेत, त्या शोभेच्या नाहीत. डावीकडून इंजिनाला हवा जाते, उजवीकडून इंजिनाची खोली थंड होते. पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत रेडिएटर आहेत. किटने यातलं काही झाकलं तर एप्रिलच्या दुपारी मुंबई नाक्याच्या सिग्नलला तापमानाचा काटा कुठे जातो ते बघा.

क्रम असा ठेवा : सस्पेन्शन, चाकं-टायर, मग कापणं. स्प्रिंग काढून चाक जॅकने बंप स्टॉपला (सस्पेन्शनला वर अडवणारं रबर) टेकेपर्यंत वर घ्या, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, तेव्हा जी रेघ पडेल तिथे कापा. मी स्वतः एकदा उभ्या गाडीवर रेघ मारून कापलं होतं. गॅरेजात सुंदर दिसत होतं. कसाऱ्याच्या घाटात मागे दोन माणसं बसली आणि टायर पत्र्याला घासून धूर निघाला. माप नेहमी चाकाच्या मध्यापासून घ्या. जुन्या गाडीच्या दोन्ही बाजू सहसा सारख्या नसतात, कुठेतरी कधीतरी ठोकलेली असतेच.

माझा कल विचाराल तर रिवेट. भराव कमी लागतो, आणि फ्लेअर फुटलं तर तेवढंच बदलता येतं. जपानचे अकिरा नाकाई जुन्या ९११ ला असेच वेगळे दिसणारे फ्लेअर लावतात, ग्राइंडर स्वतः चालवतात. सलग गुळगुळीत हवं असेल तर फायबर सोडा आणि पत्र्याचाच फुगवटा बनवून घ्या. १९८६ च्या बीएमडब्ल्यू एम३ ला कारखान्यातूनच असे चौकोनी पत्र्याचे फुगवटे होते, म्हणून ती आजही सुबक दिसते.

प्रश्न : आता १६ इंची ७जे, ऑफसेट ४५ आणि २०५/५० टायर आहेत. १७ इंची ८.५जे, ऑफसेट २५ आणि २३५/४० बसवले तर बॉडी किती रुंद करावी? (इंदिरानगर)

उत्तर : ‘जे’च्या आधीचा आकडा म्हणजे रिमची इंचांतली रुंदी. ती दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर वाढली, त्यातला निम्मा, १९, बाहेर येतो. ऑफसेट म्हणजे चाक हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) टेकतं ती जागा चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते. तो २० ने कमी झाला, म्हणजे चाक तेवढं आणखी बाहेर. म्हणजे रिमची कड एका बाजूला ३९ मिलिमीटर बाहेर. आतली बाजू जवळजवळ आहे तिथेच, उलट एक मिलिमीटर सुटतो. त्यामुळे फ्लेअर एका बाजूला ४० ते ४५ पुरेल. टायरचा व्यास ६११ वरून ६२० होतो, म्हणजे स्पीडोमीटर साधारण दीड टक्का कमी दाखवेल. फरक फार नाही.

खरी किंमत बेअरिंग भरतं. चाकाचा मध्य हबपासून २० मिलिमीटर लांब गेला की प्रत्येक खड्ड्याचा झटका लांब दांड्याने बसतो, आणि स्टिअरिंगही हाताला ओढ देऊ लागतं. स्पेसर (हब आणि चाकामधली चकती) लावायचाच असेल तर हबवर घट्ट बसणारा घ्या, लेथवर कुणी अंदाजाने काढून दिलेला नको. बोल्टचे आटे पुरेसे आत जातात का तेही मोजा.

प्रश्न : फ्लेअर आणि पत्र्याच्या जोडावर पुट्टी भरून रंग दिला होता. एका उन्हाळ्यात भेगा पडल्या. रंगाचा दोष? (अंबड)

उत्तर : रंगाचा नाही. फायबर पत्र्यापेक्षा जास्त फुगतं आणि जास्त आकसतं. दोघांमधली पुट्टी मधल्यामधे चिरडते. पुट्टी काढा, जोड उघडा ठेवा आणि रबराची बीडिंग लावा. पुन्हा भरलीत तर पुढच्या मे महिन्यात पुन्हा पत्र लिहाल.

प्रश्न : मुलगा म्हणतो, वाइड बॉडी केली की गाडी जास्त पळते, आणि पोलिसांचंही काही नसतं. खरं का? (नाशिकरोड)

उत्तर : ताई, दोन्ही खोटं. गाडी रुंद झाली की समोरून हवा आपटायला जास्त जागा मिळते, सरळ रस्त्यावर उलट अडतेच. फायदा वळणावर, तोही टायर आणि सस्पेन्शन नीट असेल तर.

पोलिसांचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा तो अर्थ. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणीच्या नूतनीकरणाला आरटीओत उभी करावी लागते, तिथे फुगलेले मडगार्ड लपत नाहीत. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या वेळी आडवा येतो, तो वेगळाच. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो की अशी गाडी ट्रॅकसाठी ठेवा आणि ट्रेलरवर टाकून न्या. मुलाला आधी चांगले टायर आणि ब्रेक पॅड घेऊन द्या, उरलेल्या पैशांत तो ट्रॅकवर एक दिवस घालवू शकेल.